गुळगुळीत म्हणजे नेमकं किती? वेगवान हवा, खडबडीत पृष्ठभाग आणि उष्णता

विचारलेला प्रश्न असा: गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात म्हणून तो जास्त लांब जातो, मग क्षेपणास्त्रं, सुपरसॉनिक विमानं आणि अवकाशातून परतणाऱ्या कुप्या यांचा पृष्ठभाग एवढा जपून गुळगुळीत का ठेवतात? खडबडीतपणामुळे खरंच जास्त तापतं का? आणि रंगाचा पोत, स्क्रूचं डोकं, दोन पत्र्यांमधली पायरी असल्या बारीकसारीक गोष्टींनी ध्वनीच्या पाचसहापट वेगाला काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि भरपूर पडतो. पण ‘खडबडीत म्हणजे जास्त घर्षण आणि जास्त घर्षण म्हणजे जास्त उष्णता’ एवढ्या हिशेबावर थांबलात तर निम्म्या वेळा उत्तर चुकेल. माझं बरंचसं आयुष्य एरोथर्मल कामात, म्हणजे वेगवान हवेतल्या उष्णतेच्या हिशेबात आणि टनेलमधल्या, म्हणजे मॉडेलवर वेगवान हवा सोडणाऱ्या बोगद्यातल्या चाचण्यांत गेलं. नव्याने रुजू झालेला इंजिनिअर हटकून विचारतो, “सर, फिनिश किती मायक्रॉनचा ठेवायचा?” (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्याला उलट विचारावं लागतं: कुठल्या जागी, किती उंचीवर आणि उड्डाणाच्या कितव्या सेकंदाला? हे ठरल्याशिवाय मायक्रॉनचा आकडा सांगता येत नाही.

आधी तापमानाचं बघू. हवेत वेगाने घुसणाऱ्या वस्तूपुढे हवा दाबली जाते, अडते, आणि तिच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. अकरा किलोमीटरच्या वर हवा साधारण उणे 56 अंश सेल्सिअस असते. माख 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, ती पूर्ण थांबवली तर 117 अंशांच्या आसपास जाते. कॉन्कॉर्ड या सुपरसॉनिक प्रवासी विमानाच्या नाकाला 127 अंशांपर्यंतची मर्यादा होती आणि विमान किती वेगाने न्यायचं हे त्यावर ठरायचं. माख 5 ला हाच हिशेब हजार अंशांपलीकडे जातो. कक्षेतून सेकंदाला 7.8 किलोमीटरने खाली येणाऱ्या यानापुढे तर हवेचे रेणूच फुटतात, त्यात बरीच ऊर्जा खर्च होते, त्यामुळे पाठ्यपुस्तकातलं साधं सूत्र तिथे वाट्टेल तेवढा मोठा आकडा देतं.

पृष्ठभाग पॉलिश केलेला असो की त्यावर सॅंडपेपर चिकटवलेला असो, थांबलेल्या हवेचं हे तापमान तेवढंच राहतं. बदलतो तो उष्णता भिंतीत शिरण्याचा दर. आणि तो ठरवतो भिंतीलगतचा हवेचा पातळ थर, ज्याला आम्ही सगळे बाउंड्री लेयरच म्हणतो. लुडविग प्रांटलने 1904 मध्ये ही कल्पना मांडली: भिंतीला चिकटलेली हवा स्थिर, थोडी वर ती सरकू लागते, आणि काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरांत पूर्ण वेग गाठते. हा थर शिस्तीत, पदरावर पदर सरकत असेल तर लॅमिनर. त्यात भोवरे उठून वरची हवा खाली आणि खालची वर होऊ लागली की टर्ब्युलंट. आंघोळीच्या कढत पाण्यात हात स्थिर धरला तर सोसतो, तोच हात हलवला की चटका बसतो. पाणी तेच, तापमान तेच, हाताभोवतीचा निवलेला पदर तेवढा मोडतो. लॅमिनर थर हा तसा पदर आहे आणि उंचवट्याचं खरं पाप म्हणजे तो मोडणं.

किती फरक पडतो याचा अंदाज घ्यायला सपाट पाटीचं जुनं गणित पुरे आहे. रेनॉल्ड्स संख्या (हवेचा वेग, दाटपणा आणि अंतर यांची हवेच्या चिकटपणाशी तुलना करणारा आकडा) दहा लाख असेल तर कमी वेगाच्या हवेत लॅमिनर थराचा घर्षण गुणांक सुमारे 0.00066 येतो आणि टर्ब्युलंटचा 0.0037, म्हणजे साडेपाचपट. उष्णता घर्षणाच्या मागोमाग चालते, त्यामुळे तीही त्याच प्रमाणात वाढते. हायपरसॉनिक वेगाला गुणोत्तर थोडं कमी भरतं. परतीच्या यानाच्या पोटावर साधारण दोन ते चारपट धरतात.

ही वाढ पृष्ठभागाच्या तापमानात जशीच्या तशी दिसत नाही. यानाच्या पोटावर उष्णतारोधक टाइल्स असतात; तापलेली टाइल उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने परत फेकते, आणि हे फेकणं निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. उष्णता तिप्पट झाली तर तापमान जेमतेम 1.32 पट. पण 827 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1100 केल्विनला बसलेला पृष्ठभाग त्यामुळे 1175 अंशांवर जातो. स्पेस शटलच्या काळ्या टाइल्स 1260 अंशांपर्यंत वापरायच्या होत्या आणि त्यांच्याखालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा 177 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. 1175 आणि 1260 यांच्या मध्ये एवढीच जागा होती.

आता गोल्फचा चेंडू. तो सेकंदाला साठसत्तर मीटरने जातो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाने. त्याचा बहुतेक विरोध मागे राहणाऱ्या रुंद, कमी दाबाच्या शेपटामुळे असतो. खळग्यांमुळे थर टर्ब्युलंट होतो, टर्ब्युलंट थर चेंडूला जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो, शेपूट अरुंद होतं. घर्षण वाढतंच, पण दाबातला फायदा त्याहून मोठा. सुपरसॉनिक बोथट वस्तूचा विरोध मुख्यतः पुढच्या शॉक वेव्हमुळे, म्हणजे हवा एकदम दाबली जाते त्या पातळ पडद्यामुळे असतो आणि त्या शॉकला पृष्ठभागावरच्या खळग्यांचं काही देणंघेणं नाही. फायदा गेला, तोटा तेवढा राहिला. चेंडूचा दाखला इथे संपतो.

उंचवटा तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उष्णता वाढवतो आणि लोक त्या तिन्हींची खिचडी करतात. पहिली तऱ्हा सरळ आहे: थरातून वर डोकावणारी वस्तू स्वतःच मार खाते. तिच्या पुढच्या कडेला छोटा शॉक बसतो, बुडाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा तयार होतो आणि त्या नालेच्या दोन्ही पायांखाली तापलेल्या रेघा उमटतात. नुकसान होतं, पण बहुधा त्या जागेपुरतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे थर लवकर टर्ब्युलंट करणं. हे नुकसान त्या जागेपुरतं राहत नाही. उंचवट्यापासून मागे पाचरीसारखा पट्टा पसरत जातो आणि त्या पट्ट्यात येणारं सगळं तापतं. तुमचा सहा मिलिमीटरचा खिळा नाकाजवळ असेल तर दहा मीटर मागचं पोट त्याची किंमत मोजतं. आमच्या धंद्यातली भीती मुख्यतः हीच.

तिसरी तऱ्हा आधीच टर्ब्युलंट असलेल्या थरातली. टर्ब्युलंट थराच्याही तळाशी एक अतिशय पातळ शांत पदर उरतो. खडे त्या पदरात बुडालेले असतील तर हवेला पृष्ठभाग गुळगुळीतच वाटतो. वर आले की घर्षण आणि उष्णता वाढू लागते. निकुराड्झे या संशोधकाने 1933 मध्ये गटिंगेनला नळ्यांच्या आत वाळू चिकटवून हे मोजलं आणि त्याचे आकडे अजून वापरात आहेत. एक ढोबळ हिशेब करून दाखवतो. माख 3 ला समुद्रसपाटीजवळ उडणाऱ्या वस्तूवर सातआठ मायक्रॉनचा खडबडीतपणा जाणवू लागतो आणि शंभरेक मायक्रॉनला, म्हणजे जाडसर केसाएवढ्या उंचीला, पृष्ठभाग पूर्ण खडबडीत ठरतो. तीच वस्तू त्याच माखला 30 किलोमीटरवर नेली तर सुरुवातच 0.4 मिलिमीटरपासून होते. हवा साठसत्तर पटींनी विरळ झाली, तळाचा पदर त्या मानाने फुगला. खाली जो पृष्ठभाग खरखरीत होता, तोच वर गेल्यावर हवेच्या लेखी चक्क गुळगुळीत.

म्हणून मी उंचीबद्दल विचारतो. उंचवट्याची उंची भागिले त्या जागच्या थराची जाडी, हे गुणोत्तर आणि त्या उंचवट्याच्या टोकाशी हवा किती वेगवान व किती दाट आहे, एवढ्यावर खेळ चालतो. परतीचं यान 122 किलोमीटरवर वातावरणात शिरतं तेव्हा माख 25 असतो, पण हवा इतकी विरळ की थर जाड, सुस्त आणि हट्टाने लॅमिनर. जास्त माखला थर तसाही सहजी बिघडत नाही: भिंतीलगतची हवा गरम आणि हलकी असते, तिथला धक्का वरपर्यंत पोचत नाही. माख 6 च्या टनेलमध्ये थर मुद्दाम बिघडवायचा म्हटलं तर कधीकधी थराच्या जाडीएवढा उंच अडथळा लावावा लागतो, एवढा तो चिवट. यान खाली येतं तसा वेग घटतो पण हवा त्याहून झपाट्याने दाटते, थर पातळ होतो, आणि एका क्षणी कालपर्यंत निरुपद्रवी असलेली पायरी त्याला पुरी पडते. उंचवटा जितका मोठा, तितका हा क्षण लवकर, म्हणजे जास्त वेगाला आणि जास्त उष्णतेच्या वेळी येतो. प्रश्न थर टर्ब्युलंट होईल का हा नसतोच. तो होणारच असतो. कधी, एवढंच ठरायचं असतं.

शटलचं उदाहरण यासाठी सोन्यासारखं आहे, कारण तीच यानं पुन्हा पुन्हा उडाली आणि दर वेळी पोटाखालची तापमानं नोंदली गेली. पोटावरच्या टाइल्स साधारण पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनी, प्रवाहाला तिरप्या बसवलेल्या, कारण फट सरळ प्रवाहाच्या दिशेने लांब गेली की तिच्यातून गरम हवा वाट काढते. टाइल्स एकमेकींवर आपटू नयेत आणि फटीतून हवा शिरू नये म्हणून काही फटींत सिरॅमिक धाग्याच्या कापडाच्या पातळ पट्ट्या बसवत. यांनाच गॅप फिलर म्हणत. नेहमीच्या परतीत थर वातावरणप्रवेशानंतर सुमारे वीस मिनिटांनी, माख 8 ते 10 च्या दरम्यान टर्ब्युलंट व्हायचा. ऑगस्ट 1989 मधल्या एसटीएस-28 उड्डाणात कोलंबिया या शटलचा थर पंधराव्या मिनिटालाच बिघडला, तेही माख 17-18 च्या आसपास. उतरल्यावर पाहिलं तर पोटाखाली काही गॅप फिलर बाहेर आलेले. यान सुखरूप होतं, पण पाच मिनिटं जास्त टर्ब्युलंट म्हणजे टाइलच्या आत झिरपणारी उष्णता बरीच जास्त. टाइलची जाडी शिखराच्या तापमानावर ठरत नाही, आत एकूण किती उष्णता मुरते यावर ठरते. हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागतो, कारण सगळे आलेख शिखराचेच दाखवले जातात.

2005 सालची एसटीएस-114 ही कोलंबियाच्या अपघातानंतरची पहिली मोहीम. (कोलंबिया खडबडीतपणामुळे गेलं नव्हतं, इंधनटाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाची पुढची कड फोडली होती. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा होते.) अंतराळ स्थानकाजवळ पोचल्यावर कमांडर आयलीन कॉलिन्सने डिस्कव्हरी या शटलला सावकाश कोलांटी मारायला लावली, स्थानकातल्या अंतराळवीरांनी पोटाचे फोटो काढले, आणि फोटोत पुढच्या भागात दोन गॅप फिलर वर आलेले दिसले. एक सुमारे अडीच सेंटिमीटर, दुसरा त्याहून थोडा कमी. आधीच्या उड्डाणांतही असे फिलर निघाले असतील. फरक इतकाच की आता परतीच्या आधी ते दिसले होते आणि जमिनीवरच्या लोकांना निर्णय घ्यायचा होता.

तिथे गणिताची मर्यादा उघडी पडली. एवढी उंच पातळ पट्टी माख 20 च्या पुढे थर बिघडवेल का, याचे टनेलमधले आकडे होते, पण टनेलमध्ये खऱ्या परतीची उष्णता, फुटलेले रेणू आणि ती विरळ हवा एकत्र मिळत नाही. आकडे लावले तर काही पद्धती ‘चालेल’ म्हणत आणि काही ‘नको’. अशा वेळी शहाणा माणूस गणित सुधारत बसत नाही, उंचवटा काढतो. 3 ऑगस्टला अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन स्थानकाच्या रोबोटिक हाताच्या टोकावर उभा राहून यानाच्या पोटाखाली गेला. तिथे याआधी कोणी गेलेलं नव्हतं. फिलर निघाला नाही तर कापायला यानावरच जुगाड करून करवत तयार ठेवली होती. ती लागली नाही; दोन्ही पट्ट्या चिमटीत धरून ओढल्या आणि आल्या. फट उघडी राहिली, पण एका परतीपुरती उघडी फट वर आलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी बरी. 9 ऑगस्टला डिस्कव्हरी एडवर्ड्स तळावर उतरलं.

त्यानंतर नासाने जे केलं त्याचं मला जास्त कौतुक आहे. मार्च 2009 च्या एसटीएस-119 उड्डाणात डिस्कव्हरीच्या डाव्या पंखाखाली मुद्दाम पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर उंचीचा उठाव असलेली टाइल बसवली आणि मागे तापमापक लावले. माख 15 च्या सुमाराला थर मोडावा असा बेत होता. अमेरिकी नौदलाचं एनपी-3डी विमान खालून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चित्र घेत होतं. माख 8 च्या वर असलेल्या यानाच्या पोटावरचे गरम पट्टे त्यात दिसतात. पुढे सप्टेंबर 2009 च्या एसटीएस-128 मध्ये उठाव 0.35 इंचावर नेला, नंतर आणखी वाढवला. माणसं आत बसलेल्या यानावर आपणच उंचवटा लावायचा, पण आधी छोटा आणि मग मोठा, दर वेळी मोजूनमापून. चाचणी अशी असावी.

उंचवट्याची ही गोष्ट खड्ड्याला तशीच लागू होत नाही. ऑगस्ट 2007 मध्ये एसटीएस-118 मोहिमेत एंडेव्हर शटलच्या पोटावर साधारण नऊ बाय पाच सेंटिमीटरचा खड्डा पडला, टाइलच्या जवळजवळ तळापर्यंत. बातम्यांमध्ये हलकल्लोळ झाला. जमिनीवर तसाच खड्डा टाइलमध्ये कोरून आर्क-जेटमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीने तापवलेल्या हवेच्या झोतात तापवला, हिशेब केला, आणि दुरुस्ती न करता उतरायचं ठरलं. ते बरोबर निघालं. आखूड आणि खोल खड्ड्यात हवा वरून निघून जाते, आत एक संथ भोवरा फिरत राहतो, तळाला फारसं काही लागत नाही. खड्डा लांब आणि उथळ असेल तर हवा आत उतरते आणि शेवटच्या भिंतीवर आदळते, तो वाईट. लांबी भागिले खोली हे पहिलं विचारायचं. एकाच मापाचा खड्डा आणि उंचवटा यांत निवड करायची झाली तर मी डोळे मिटून खड्डा घेईन.

टाइल निदान उड्डाणात आकार बदलत नाही. जळत-झिजत जाणाऱ्या कवचाचं प्रकरण वेगळंच आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त रंजक वाटतं. क्षेपणास्त्राच्या ग्रॅफाइटच्या किंवा कार्बनच्या नाकावर 1970 च्या दशकात अमेरिकेत भरपूर काम झालं. नाक छान घासून पाठवलं तरी तापलं की त्याचे कण असमान झिजतात, पृष्ठभाग आपोआप खरखरीत होतो, त्यामुळे थर गोलाव्यावरच टर्ब्युलंट होतो, त्यामुळे उष्णता मधल्या टोकाऐवजी बाजूच्या खांद्यांवर जास्त जाते, तिथे जास्त झिजतं आणि बोथट नाक टोकदार होत जातं. गणिताच्या साध्या नियमाने बोथट नाकावरचा थर एवढ्या लवकर बिघडायला नको. कारखान्यातून निघताना मोजलेला फिनिश इथे निरुपयोगी, कारण हवेला भेटणारा पृष्ठभाग उड्डाणातच तयार होतो. झीज एका बाजूला जास्त झाली तर नेमही चुकतो.

क्युरिऑसिटी रोव्हरच्या 2012 च्या मंगळावतरणासाठी साडेचार मीटर व्यासाचं कवच 113 टाइल्सचं होतं, मधल्या सांध्यांत सिलिकॉनचा भराव. टाइल आणि भराव एकाच गतीने झिजत नाहीत. भराव मागे राहतो आणि टाइल्सभोवती कुंपण उभं राहतं. सुरुवातीला समतल असलेला सांधा मधेच पायरी होतो. म्हणून तिथे थर टर्ब्युलंट होईल असं आधीच गृहीत धरून कवचाची जाडी ठरवली. वजन वाढलं, पण लॅमिनर राहील या आशेवर काही टांगलं नाही. कवचात बसवलेल्या तापमापकांनी पुढे थर टर्ब्युलंट झाल्याच्या खुणा दाखवल्याही. आपल्याकडे इस्रोने 10 जानेवारी 2007 ला सोडलेली आणि 22 जानेवारीला बंगालच्या उपसागरातून परत आणलेली एसआरई-1 कुपी, किंवा डिसेंबर 2014 मधली केअर कुपी, यांच्या आखणीतही हे प्रश्न टळत नाहीत: सांधे कुठे, भराव कशाचा, झिजल्यावर वर काय उरेल.

उंचवटा नेहमी शत्रूच असतो असंही नाही. नासाच्या एक्स-43ए या मानवरहित प्रयोगयानाने 2004 मध्ये माख 6.8 आणि मग माख 9.6 गाठला. त्याच्या पुढच्या भागाखाली मुद्दाम छोट्या उतरत्या पाचरींची ओळ बसवली होती. त्याचं इंजिन स्क्रॅमजेट, म्हणजे सुपरसॉनिक वेगाने आत येणाऱ्या हवेतच इंधन जाळणारं; त्याच्या तोंडाशी शॉक थरावर आदळतात. लॅमिनर थर तो मार सहन करत नाही, सुटतो, आणि इंजिनाचा घास अडकतो. टर्ब्युलंट थर टिकतो. जास्त उष्णता पत्करून इंजिन चालू ठेवणं परवडतं. गोल्फचं तत्त्व इथे वेगळ्या वेशात परत येतं म्हणा.

आणि दिशेलाही महत्त्व आहे. एसआर-71 या अमेरिकी टेहळणी विमानाच्या पंखाची कातडी तापून फुगल्यावर वाकू नये म्हणून तिच्या काही भागांत पन्हाळीसारखे उंचसखल पट्टे ठेवले होते, पण प्रवाहाच्या दिशेने. ते विमान माख 3 च्या वर वर्षानुवर्षं उडालं. तेच पट्टे आडवे ठेवले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

लॅमिनर ते टर्ब्युलंट हा बदल एका रेषेवर होत नाही. आधी टर्ब्युलंट ठिपके उमटतात, पसरतात, एकमेकांत मिसळतात. या मधल्या पट्ट्याचं गणित बेंगळुरूच्या आयआयएस्सीत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी मांडलं, 1958 साली ते प्रसिद्ध झालं आणि आजही जगभर वापरतात. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रातल्या टनेल संकुलाला धवनांचं नाव आहे; एक मीटरचं हायपरसॉनिक टनेल आणि शॉक टनेल तिथे 2017 पासून आहे. आयआयटी मुंबईतही शॉक टनेल आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी हा विषय निवडायला हरकत नाही. पण तयारीने उतरा. शॉक टनेलमध्ये पातळ पडदा (डायफ्राम) फोडून क्षणभर वेगवान हवा सोडतात, त्यामुळे चाचणी काही मिलिसेकंदांची असते. मॅकोर या सिरॅमिकच्या तुकड्यावर प्लॅटिनमची पातळ फिल्म लावलेला मापक मॉडेलच्या भोकात बसवायचा, तो पृष्ठभागाशी समतल. बोटाला समतल लागतो, पण नखाची कड त्यावरून फिरवली की कळतं: कुठे केसभर वर आहे, कुठे चिकटवलेला ॲराल्डाइट कडेला फुगलाय. तो केसभर वर असेल तर मापक स्वतःच उंचवटा होतो, स्वतःला तापवतो, मागच्या मापकांनाही बिघडवतो, आणि आलेखात सुंदर उडी दिसते. डायफ्राम फुटताना उडणारे धातूचे कण हा दुसरा ताप. दहावीस शॉटनंतर मॉडेलचं नाक भिंगाखाली धरा. बारीक चरे आणि टोचे दिसतील. पहिल्या आणि शेवटच्या शॉटचे आकडे जुळत नसतील तर भौतिकशास्त्रावर शंका घेण्याआधी नाक पॉलिश करून पुन्हा शॉट घ्यावा.

आता प्रश्नातल्या तीन बारीकसारीक गोष्टींची थेट उत्तरं. रंग: फवारणीच्या रंगाचा पोत दहावीस मायक्रॉनचा असेल तर वीसतीस किलोमीटरवर माख 5-6 ला उडणाऱ्या वस्तूवर तो सहसा काही करत नाही. समुद्रालगत माख 3 ने जाणाऱ्या वस्तूवर घर्षण थोडं वाढवेल. रंगाची खरी भानगड पोत नसून तो अर्ध्यात सोलवटणं आहे. सोललेल्या रंगाची कड ही पायरी असते, आणि ती नेमकी नाकाजवळ सोलते. नाकाच्या भागावर रंगच देऊ नका.

पायरी: हवेच्या तोंडाला उभी राहणारी पायरी, म्हणजे मागचा पत्रा पुढच्यापेक्षा वर असणं, सगळ्यात वाईट, तिच्या वरच्या कोपऱ्याला मार बसतो आणि थरही लवकर मोडतो. उलटी, खाली उतरणारी पायरी त्या मानाने सौम्य, तिच्यामागे जिथे प्रवाह परत चिकटतो तिथे थोडा गरम पट्टा उमटतो. म्हणून रेखांकनावर नुसतं अधिक-उणे सारखं सहिष्णुतेचं माप लिहू नका. मागचा पत्रा कधीही वर नको, खाली किंचित चालेल, असं एकतर्फी लिहा. जुळणी करणाऱ्या माणसाला ते पाळणं सोपं जातं आणि तपासणाऱ्याला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठे घालायचा ते कळतं.

स्क्रू: काउंटरसंक, म्हणजे डोकं बसायला शंकूसारखी खाच केलेला, डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली, खाच उष्णता सोसणाऱ्या भरावाने भरलेली आणि भराव ओला असतानाच पुसून समतल केलेला. वाळल्यावर घासायला गेलात तर भोवतालचा पत्रा घासला जातो. आणि शक्य असेल तर पहिल्या स्क्रूची ओळ नाकापासून जितकी मागे नेता येईल तितकी न्या, कारण थर तिथे जाड असतो आणि पाचरीच्या वाटेत येणारा भाग कमी उरतो.